साधं वाक्य?

आमच्या इंग्रजीच्या सरांनी एकदा वर्गात कविता म्हणायला तोंड उघडलं आणि शेजारच्या कापडाच्या कारखान्यातले चोवीस लूम जागच्या जागी थांबले. खोटं वाटतं? बरं, चोवीस नसतील, बारा असतील. बरं, वीज गेली होती. पण सरांनी तोंड उघडायला आणि वीज जायला एकच गाठ पडली, एवढं तरी धराल की नाही? धरा. माझ्या बोलण्यातून एवढं खरं गाळून काढायला सरांना दोन वर्षं लागली होती, तुम्हाला मी फुकटात देतोय.

शाळा आमची भिवंडीत, मराठी माध्यमाची, लूमच्या कारखान्याला भिंत लावून. पलीकडे खटाखट सुरू झाली की इकडे फळा हादरायचा. सरांनी खडूने लिहिलेली अक्षरं वरून खाली घसरायची आणि तास संपेपर्यंत सगळी इंग्रजी भाषा फळ्याखालच्या फळीवर पिठासारखी साचायची. शुक्रवारी लूम बंद. म्हणून सरांचा नियम असा, की बाकीचे दिवस लिहायचं आणि शुक्रवारी मोठ्याने म्हणायचं. पण शुक्रवारी शांतता अशी पडायची की अर्ध्या वर्गाला पेंग यायची. खटाखटीत जन्मलेली पोरं आम्ही, आवाज थांबला की आम्हाला वाटायचं, दिवस संपला.

सर उंच होते. किती उंच, तर पंखा पुसायला शिपाई त्यांनाच बोलवायचा. अंगात कायम पांढरा शर्ट, त्यावर कापसाची बारीक तूस, त्यामुळे उन्हात उभे राहिले की कडेने लुकलुकायचे. खडू ठेवायला तंबाखूची पत्र्याची डबी. वर्गात आले की ती डबी टेबलावर दोनदा आपटायची, उघडायची, आतून खडू असा निवडायचा की जणू त्यात जर्दा आणि किमाम वेगवेगळा ठेवलाय. स्वतः सुपारीच्या खांडालाही शिवत नसत.

इंग्रजीच्या पेपरात ‘फिगर ऑफ स्पीच ओळखा’ असा एका मार्काचा प्रश्न असे. एका मार्कासाठी कोण जीव काढतो? सर काढायचे. आधी त्यांनी आमची हजेरीच बदलली. प्रत्येकाला एकेका अलंकाराचं नाव. एक जण दर वाक्यात ‘सारखं, सारखं’ करायचा, तो सिमिली. दोघे जुळे भाऊ, एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या नावांचे, ते मिळून अलिटरेशन. एक मुलगी सरांच्याच वस्तीतली. वर्गात कायम पहिली, पण पेपर कसा गेला विचारलं तर म्हणायची, ‘वाईट नाही गेला.’ मोठी गोष्ट नकारातून लहान करून सांगायची, ती लिटोटीज. आणि मी? मी हायपर्बली. अतिशयोक्ती. बाकी अख्खी भिवंडी त्याला ‘हायपरबोल’ म्हणायची, सर एकटे हायपर्बली म्हणायचे, म्हणून मला ते नाव फार रुबाबदार वाटायचं.

नाव मिळालं त्या दिवसाचं कारण सांगतो. मी अंजूरहून यायचो, रिक्षाने. त्या दिवशी अर्धा तास उशीर.

“का हो?” सरांनी दारातच अडवलं.

“सर, खाडीचं पाणी रस्त्यावर आलं. रिक्षा तरंगायला लागली. रिक्षावाल्याने छत्री उलटी धरली नि वल्हवत वल्हवत आणली. मधे चिखलातली एक निवटी मासळी उडी मारून मीटरवर बसली, तिचंपण भाडं घेतलं त्याने.”

वर्ग खदखदून हसला. सर हसले नाहीत. त्यांनी माझं अख्खं वाक्य फळ्यावर लिहून काढलं, खाली रेघ मारली आणि म्हणाले, “उत्तम. अर्धा मार्क. आता साधं वाक्य?”

“म्हणजे?”

“घडलं काय, ते. जेवढं घडलं तेवढंच.”

“...उठायला उशीर झाला, सर.”

“उरलेला अर्धा मार्क. बसा.”

हीच त्यांची शिकवण्याची रीत. बाकी दुनिया अलंकाराची व्याख्या पाठ करून घेई, सर म्हणत, आधी घडलं काय ते सांगा, मग कवीने त्याचं काय केलं ते सांगा. ज्याला साधं वाक्य येत नाही त्याला अलंकार वापरायचा हक्क नाही. एकदा मीच विचारलं होतं, “सर, मग हायपर्बली नि थाप यांत फरक काय?” सरांनी खडू डबीत परत ठेवला. खडू डबीत गेला की उत्तर महत्त्वाचं, असा आमचा अनुभव. म्हणाले, “हायपर्बलीत सांगणाऱ्याला ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. दोघं मिळून खेळतात. ऐकणाऱ्याला ठाऊक नसलं, की झाली थाप.”

एक तिसरा प्रकार असतो, तो त्यांनी शिकवला नाही. बहुतेक त्यांनाही तो पुढेच कळला. माझ्यामुळे.

सरांच्या सायकलीला घंटी नव्हती. गरज नव्हती. सर सायकलीशी बोलत जायचे आणि लोक आपोआप बाजूला व्हायचे. निर्जीव वस्तूला हाक मारून तिच्याशी बोलायचं, याला अपॉस्ट्रफी म्हणतात, आणि हा अलंकार सर शिकवत नसत, जगत असत. ‘हे डस्टर!’ ‘हे गळक्या नळा!’ अंजूर फाट्यावर एकदा ट्रकांची रांग अडली होती. माझी रिक्षा मागे आणि पुढे सर, सायकल मांडीला टेकवून, हात वर करून एका ट्रकला सांगतायत, “हे ट्रक! तुझ्या पोटात एवढं कापड, आणि तरी तू उपाशी असल्यासारखा का ओरडतोस?”

ड्रायव्हरने खिडकीतून मुंडकं काढलं. “किससे बात कर रहे हो, मास्टर?”

“ट्रकसे.”

“अरे तो हमसे करो ना! ट्रक थोडी चलता है, हम चलाते हैं।”

दुसऱ्या दिवशी सरांनी हे वर्गात सांगितलं, आणि एवढे खूश होते की डबी तीनदा आपटली. “त्या ड्रायव्हरला माझ्या जागी आणून बसवलं पाहिजे. अपॉस्ट्रफीतली गोम त्याने एका वाक्यात सांगितली. चालवणारा सोडून आपण दुसऱ्याशीच बोलत बसतो.”

आणखी एक तास आठवतो. तो आठवला की मी अजून विषय बदलतो. आज बदलत नाही.

युफेमिझम शिकवत होते. कडू गोष्टीला साखर लावून सांगायचं, तो. सर म्हणाले, “उदाहरण देतो. स्टाफरूममध्ये सगळ्यांचे पेले ट्रेमध्ये असतात. माझा एक पेला खिडकीच्या खिळ्याला टांगलेला असतो. मी शिपायाला कारण विचारलं. तो म्हणाला, ‘सरांना स्वच्छता आवडते म्हणून येगला ठेवलाय.’ हा युफेमिझम.” मग त्यांनी वर्गावरून नजर फिरवली. “साधं वाक्य?”

पलीकडे लूम चालू होते म्हणून बरं. चाळीस पोरं होतो आम्ही, एकूणएक जणाला साधं वाक्य येत होतं. माझ्या घरी तर ते वाक्य रोज जेवताना वाढलं जायचं. लिटोटीजने मान खाली घातली होती. मी उगाच पेनात शाई आहे का बघत होतो. सर म्हणाले, “राहू दे. गृहपाठ.” वही मात्र त्यांनी कधी तपासली नाही.

आता आमच्या घरचं. माझे काका शाळेच्या कमिटीचे चेअरमन. अंजुरात जमीन, राहनाळात जमीन, भातशेती कमी होत चाललेली आणि गोडाऊनवाले दारात उभे. काकांचा एक भाचा बी. एड. होऊन घरी बसला होता. विषय इंग्रजी. आणि शाळेत इंग्रजीची जागा एकच, तिच्यावर सर. सरांची प्रोबेशनची दोन वर्षं मार्चअखेर पुरी व्हायची होती. ती पुरी झाली की सर कायम आणि भाचाही कायम, घरी. काका ओटीवर बसून हे कुणाकुणाला सांगताना मी ऐकलं होतं. ‘त्या लोकांना एकदा आत घेतला का मग निघत न्हाय,’ असंही ऐकलं होतं. ऐकलं आणि सोडून दिलं. मला वाटायचं, बोलण्यातलं नव्वद टक्के सोडूनच द्यायचं असतं. हा हिशेब काकांचाच. मी काही सांगायला लागलो की ते पाहुण्यांना म्हणायचे, “याचं शंभरातलं नव्वद सोडा, दहा तेवढं ऐका.” आणि पाहुणे हसायचे. मी त्या हसण्यावर वाढलो.

फेब्रुवारीतला शुक्रवार होता. लूम बंद. मला डुलकी लागली. सर कविता म्हणत बाकांमधून येत होते, ते माझ्यापाशी थांबले. दोन बोटांत माझ्या डाव्या कानाची पाळी धरली, अशी, जशी एखादं कापड सुती आहे की टेरिकॉट ते बघायला धरतात. आणि कानाला म्हणाले, “हे कान! तू एवढा उघडा, मग तुझा मालक का बंद?”

वर्ग फुटला. एरवी वर्ग मी हसवायचो. त्या दिवशी माझ्यावर हसले. लिटोटीजसुद्धा हसली, आणि ती वर्षातून एकदा हसायची. घरी येईपर्यंत माझा कान जळत होता, पण तो सरांच्या बोटांनी नव्हे.

ओटीवर काका बसले होते. “काय रं, तोंड का उतरलाय?”

“सरांनी कान धरला.” इथवर साधं वाक्य होतं. पण काका पुढे वाकले. एरवी ते माझं ऐकताना पान लावायचे, आज अडकित्ता खाली ठेवला. मला चेव आला. “असा पिळला, असा पिळला, की कानात अजून लूम चालतोय. डस्टरपण मारला. बाकावरून उचलला मला, कानाला धरून.”

आई खोबरेल तेलाची वाटी घेऊन बाहेर आली. दोन्ही कान उलटेसुलटे करून बघितले तिने. “कशाला बोलतंस रं असा? लालपन न्हाय झालाय कान तुजा.”

“वहिनी,” काका म्हणाले, “तुमी आत जा.”

आणि त्या संध्याकाळी काकांनी शंभरातलं काहीच सोडलं नाही. शंभरच्या शंभर ऐकून घेतलं. हाच तो तिसरा प्रकार. सांगणाऱ्याला ठाऊक, ऐकणाऱ्यालाही ठाऊक, आणि ऐकणारा ठाऊक नसल्यासारखा बसतो. याचं नाव मी सगळ्या पुस्तकांत शोधलं. नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली, चहा पीत पीत सर्टिफिकेट लिहिलं. पडद्याला इजा, वगैरे. तपासला उजवा कान. सरांनी धरला होता डावा. मी सांगणार होतो, पण डॉक्टर काकांशी बोलत होते.

रविवारी सकाळी हेडमास्तरांच्या खोलीत कमिटी बसली. सहा जण, काका मधोमध. कोपऱ्यात शाळेचा क्लार्क वही उघडून. सर भिंतीशी उभे, त्यांना खुर्ची दिली नव्हती. दाराबाहेर लिटोटीज उभी होती. आपण होऊन आली होती, ‘मी वर्गात होते, मला सांगायचंय’ म्हणत. शिपायाने तिला जिन्याशीच थांबवलं. तिला शेवटपर्यंत आत बोलावलं नाही.

“सांग बाळा,” काका म्हणाले. अगदी शुद्ध बोलले. “न घाबरता सांग.”

मी सांगायला लागलो. देवाशपथ सांगतो, खोलीत शिरेपर्यंत मला थोडक्यात उरकायचं होतं. पण सहाच्या सहा माणसं पुढे वाकली. एकाने बशी तोंडाशी नेली होती ती तशीच अधांतरी राहिली. असे श्रोते मला जन्मात मिळाले नव्हते. आधी कान, मग डस्टर, मग दुसऱ्या बाजूने डस्टर, मग मला वर उचलला, पाय जमिनीपासून वीतभर वर. क्लार्कने मान वर केली, “वीतभर लिहू?” काका म्हणाले, “लिहा, पाय अधांतरी.” आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गोष्टीवर एकही माणूस हसला नाही. आणि मला, गाढवाला, वाटलं की आज गोष्ट जमली!

“तुम्हाला काही म्हणायचंय?” हेडमास्तरांनी सरांना विचारलं. नजर टेबलावर.

सर काकांशी बोलले नाहीत. कमिटीशी बोलले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, “साधं वाक्य?”

ट्रक चालवणारा समोर मधोमध बसला होता आणि सर पुन्हा ट्रकशीच बोलत होते. पण या ट्रकला तोंड होतं. वाक्य माझ्या जिभेवर होतं, चार शब्दांचं. मी काकांकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत धाक असता तर आज मला सांगायला काही तरी असतं. धाक नव्हता. कौतुक होतं. अडकित्ता खाली ठेवून ऐकणारं कौतुक.

मी म्हणालो, “हेच साधं वाक्य आहे, सर.”

सरांनी मान हलवली. खिशातून डबी काढली, उघडली नाही, परत ठेवली. “मग अर्धाच मार्क,” म्हणाले, आणि बाहेर पडले. जिन्यावर लिटोटीज काहीतरी बोलली, ते म्हणाले, “घरी जा. परीक्षा जवळ आलीय.”

प्रोबेशन पुरं व्हायला जेमतेम दीड महिना राहिला असताना सर गेले. सोमवारी फळ्यासमोर भाचा उभा. त्याने गाइड उघडलं आणि सांगितलं, “हायपरबोल म्हणजे फुगवून सांगितलेलं. पाठ करा.” हजेरीत आमची खरी नावं परत आली. खिळ्यावरचा पेला काही दिवस तसाच होता, मग शिपायाने त्यात उदबत्त्या ठेवायला सुरुवात केली. बोर्डाच्या पेपरात नेमकी अतिशयोक्तीच आली होती. ओळखली. मार्क मिळाला. पुरा.

पुढची दहा वर्षं मी एका दमात सांगतो कारण त्यांत सांगण्यासारखं काही नाही. काका थकले, राहनाळची भातखाचरं भरून त्यांवर गोडाऊन उठली, आणि त्यांची व्यवस्था माझ्याकडे आली. मी सफारी घालू लागलो. लोक माझ्या गोष्टींना हसू लागले, भाडेकरू जरा जास्तच.

एका गोडाऊनमध्ये काचेच्या सामानाची कंपनी आली होती. बघायला गेलो. हमाल खोकी उतरवत होते, आणि खोक्यांच्या मधे उंच पांढरा शर्ट.

“ये बोल कौन रहा है?” खोक्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवून सर विचारत होते. ‘धिस साइड अप.’

“डिब्बा बोल रहा है, मास्टरजी।”

“क्या बोलता है?”

“कि हमको उल्टा मत करो।”

“शाब्बास! पर्सॉनिफिकेशन. साधं वाक्य?”

हमाल बिहारचा होता, पण हे दोन मराठी शब्द त्याला ठाऊक होते. म्हणाला, “अंदर काँच है।”

सर तिथे कारकून होते. माठावर एकच स्टीलचा ग्लास होता, साखळीने बांधलेला. हमाल प्यायले, त्याच ग्लासाने सर प्यायले. मी खोक्याआड उभा राहून हे बघितलं आणि मग पुढे झालो.

“सर, ओळखलंत?”

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “हायपर्बली.”

मी सुरू झालो. काय बोललो म्हणून सांगू! सर, मी तुमचा सात जन्मांचा गुन्हेगार. सर, तो दिवस माझ्या काळजात खिळ्यासारखा. सर, तुमचे पाय धुऊन त्या पाण्याने माझी सगळी गोडाऊन सारवली तरी कमीच. हमाल काम थांबवून उभे राहिले. एकाने डोक्यावरचं खोकं खाली ठेवलं. माझा आवाज पत्र्याखाली छान घुमत होता, तो मला ऐकू येत होता, आणि मला कळत होतं की मी पुन्हा तेच करतोय.

सरांनी हात वर केला. आवाज अगदी वर्गातला. “साधं वाक्य?”

चार शब्द. हमाल बघतायत, माझा मुनीम बघतोय, गोडाऊन माझं आहे. मी म्हणालो, “सर, चहा घेणार?”

ते हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघितलं. “अँटिक्लायमॅक्स,” म्हणाले, आणि खोक्यांकडे वळले.

त्यानंतर ते वाक्य घेऊन मी त्यांच्याकडे शंभर वेळा गेलो. बरं, तीनदा. बरं, एकदा, आणि तेही भाडेकरारावर सही घ्यायला. माठाशी तोच हमाल बसला होता. म्हणाला, “मास्टरजी तो गए।”

“नौकरी छोड के?”

“गए मतलब गए, सेठ।”

त्याला युफेमिझम शिकवायला सर राहिले नव्हते, तरी त्याला येत होता.

तर ही हकीकत. यातलं नव्वद सोडा, काकांसारखं. लूम सोडा, निवटी सोडा, वीतभर सोडा, हवं तर माझे सात जन्मही सोडा. गृहपाठ तेवढा राहिलाय, तो देतो. उशीर झालाय, मार्क नकोत.

सरांचा पेला त्यांची जात बघून वेगळा टांगला होता.

सरांनी मला मारलं नव्हतं.